टर्नबुल साहेबांचे दोन बेटे

आमच्या आडनावात देव आहे, पुजारी आहे. मासा कुठेही नाही. भोसल्यांच्या कारकिर्दीत आमचे पूर्वज नागपुरास आले, तेव्हापासून एकाही देवपुजाऱ्याने मासा खाल्ल्याची, धरल्याची किंवा त्याच्याकडे निरखून पाहिल्याची नोंद नाही. असं असताना चौतीस सालच्या उन्हाळ्यात महाल वस्तीतल्या आमच्या घरी दोन मासे मुक्कामाला होते. तेव्हापासून मी कचेरीतून येताना समोरच्या नत्थूजींच्या दारावरून येत नाही. मागच्या गल्लीने, गवळ्याच्या गोठ्याला वळसा घालून येतो. कोणी विचारलंच, तर पायांना व्यायाम होतो म्हणून सांगतो.

हे सगळं एका शब्दापायी झालं. आणि शब्द हाच माझा धंदा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. मी सेक्रेटरिएटात भाषांतरकार आहे. सरकारचं इंग्रजी मी मराठीत आणतो आणि रयतेचं मराठी इंग्रजीत नेतो. अकरा वर्षांत माझ्या एकाही तर्जुम्यावर वरून शेरा आला नव्हता, आणि ही गोष्ट मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगत असे.

दरवर्षी एप्रिलमध्ये आमचं सरकार पचमढीला चढतं. साहेब लोक, त्यांच्या फायली, त्यांची कुत्री, निवडक कारकून, सगळं पिपरियाच्या गाडीत बसतं, आणि उरलेले आम्ही नागपूरच्या उन्हात सरकारची खुर्ची गरम ठेवतो. मी उरलेल्यांपैकी. भाषांतराला थंड हवा लागत नाही, असं कोणीतरी फायलीवर लिहून ठेवलेलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी टर्नबुल साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब हिवाळ्यात रंगूनहून बदलून आलेले. उंच, अबोल, पंचेचाळिशीचे, अविवाहित. हिंदी म्हणाल तर 'पानी' आणि 'जल्दी' एवढीच. त्यांनी दार लावून घेतलं, घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "देवपुजारी, माझे दोन बेटा आहेत."

मी हातातली फाईल टेबलावर ठेवली.

"दोघेही नर," साहेब म्हणाले. "मला सयामात मिळाले. पचमढीची थंडी त्यांना सोसणार नाही. शिवाय एकत्र ठेवले तर एकमेकांचा जीव घेतील, त्यामुळे बंगल्यातल्या नोकरांवर सोडून जाता येत नाही. जूनअखेरपर्यंत तुमच्या घरी ठेवून घ्याल का?"

आता कोणत्याही नागपुरी माणसाने छातीवर हात ठेवून सांगावं, त्याला काय वाटलं असतं? अविवाहित साहेब, सयाम देश, आणि 'बेटा' हा शब्द. मला वाटलं, साहेबांनी आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट मुद्दाम आपल्या भाषेत सांगितली. 'नर' हा शब्द जरा खडबडीत वाटला, पण रंगूनकडे तसं म्हणत असतील. मी मुलांच्या आईबद्दल विचारलं नाही. वयही विचारलं नाही. साहेबांचं वाक्य संपण्याआधी 'येस सर' म्हणायची मला सवय आहे, ती याही वेळी कामाला आली.

घरी येऊन मी शामलेला सगळं सांगितलं. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही बोलत नसू. तिने ऐकून घेतलं, पोळी तव्यावरच राहिली, आणि तिने विचारलं, "केवढे आहेत?"

"विचारायचं राहिलं."

"आपलं जेवण जेवतील का ते?"

"तेही राहिलं."

"मग विचारलंत तरी काय?" असं म्हणून तिने मधली खोली रिकामी करायला घेतली. चटया झटकल्या. माळ्यावरून दोन लहान पितळी ताटल्या काढून चिंचेने घासल्या. हे सर्व चाललं असताना जिजाबाई आमच्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जिजाबाई म्हणजे समोरच्या संत्र्यांच्या आडत्या नत्थूजींची मंडळी. स्वभावाने लाख चांगली बाई, पण तिच्या कानावर पडलेली गोष्ट गांधीगेटापर्यंत पोचायला टांगा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. शामला दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, परकी लेकरं पहिल्यांदा उंबरा ओलांडणार म्हणून. डोक्याला पदर नीट घेतलेला. चपराशी उतरला. त्याने जपून एक लोखंडी चौकटीची काचेची पेटी खाली घेतली आणि तिच्यावरचं फडकं काढलं. आत पाणी होतं, मधोमध काचेची आडभिंत, तिला लावलेला एक पुठ्ठा. आणि एका बाजूला अंगठ्याएवढा एक तांबडा मासा, दुसऱ्या बाजूला तेवढाच एक निळा.

चपराशाने टाइप केलेले दोन कागद माझ्या हातात दिले. वर शीर्षक होतं. त्यात 'बेट्टा' असा शब्द होता, ट ला ट जोडून. माशांच्या जातीचं नाव.

शामलेने माझ्याकडे पाहिलंही नाही. तुकडा त्या पेटीवरून ओवाळला, दोन बाजूंना टाकला, पाणी सोडलं आणि आत गेली. त्या दोन पितळी ताटल्या तिने पुन्हा माळ्यावर ठेवल्या, तो आवाज मला ओट्यावर ऐकू आला. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

त्याच वेळी समोरच्या घरी जाऊन 'जिजाबाई, मुलं नाहीत, मासे आहेत' एवढं सांगायला हवं होतं. पाच शब्दांचं वाक्य. पण ते सांगायचं म्हणजे सरकारच्या भाषांतरकाराला 'बेट्टा' आणि 'बेटा' यांतला फरक कळला नाही हेही सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, उद्या सांगू.

साहेबांच्या कागदांवर चौदा कलमं होती. कलम तीन: मधली काच कोणत्याही परिस्थितीत काढू नये. कलम चार: दोघांनी एकमेकांना पाहू नये म्हणून पुठ्ठा लावून ठेवावा. कलम पाच: मात्र दररोज पाच मिनिटं पुठ्ठा काढावा, म्हणजे ते एकमेकांना पाहून रागावतील, राग त्यांच्या प्रकृतीस मानवतो. हे कलम वाचल्यावर आमच्या कचेरीतली काही प्रकृतीने ठणठणीत माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली.

आणि खरंच, काय ते रागावत. पुठ्ठा काढला की दोघं काचेला भिडत, पर पसरत, गालफडं फुगवत. एवढासा जीव, पण ऐट एखाद्या तहसीलदाराची. शामला आधी दोन दिवस मधल्या खोलीत फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी ती दारातून बघताना दिसली. आठवडाभरात तिने तांबड्याला थोरला आणि निळ्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली होती.

आता कलम सात. त्यात लिहिलं होतं: खाणं, डासांच्या जिवंत अळ्या, दिवसातून दोनदा. आम्ही आधी साबुदाणा देऊन पाहिला, मग वरणभात. दोघांनी त्याकडे पाठ फिरवली. शेवटी मी परसातल्या तांब्याच्या घंगाळात पाणी भरून ठेवलं. नागपूरचे डास सरकारी कामाला कधी मागे हटत नाहीत. आठ दिवसांत घंगाळ वळवळायला लागलं.

इथे एक लाजिरवाणी बाब सांगायलाच हवी. हिवतापाबद्दलचं सरकारी परिपत्रक त्याच वर्षी निघालं होतं आणि त्याचा तर्जुमा मीच केला होता. मूळ इंग्रजीत नुसतं 'कोणत्याही भांड्यात' असं होतं. मला ते मिळमिळीत वाटलं, म्हणून मी पदरचं घालून लिहिलं: 'रांजणात, माठात, कुंडीत, घंगाळात अथवा अन्य कोणत्याही भांड्यात अळ्या आढळल्यास घरधनी दोषी समजला जाईल.' घंगाळ माझं स्वतःचं होतं.

दरम्यान जिजाबाई रोज विचारत. "काहून भाऊ, लेकरं बाहेर काहून नाई निघत?"

"बाहेर काढायचं नाही त्यांना," मी म्हणत असे.

"आपसात खेळते ना पण?"

"पटत नाही हो त्यांचं. वेगळं ठेवावं लागतं."

"आन् बोलते कोन्ती बोली?"

"बोलत नाहीत ते."

"बाप्पा, मायबिगर लेकरं. धाक बसला असन."

पाहा, मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. त्या उन्हाळ्यातली माझी तेवढीच काय ती पुण्याई. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायलाही लागलं होतं. नत्थूजी रस्त्यात थांबून नमस्कार करू लागले. साहेबाने आपल्या पोटचे गोळे ज्याच्या घरी ठेवले तो माणूस साधा नसणार, असं लोक मानू लागले. शामला रोज संध्याकाळी विचारी, "सांगितलंत का त्यांना?" मी म्हणे, "उद्या सांगतो."

मग बापूजींच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. बापूजी म्हणजे आमच्या शेजारचे रिटायर्ड ओव्हरसियर. सारी गल्ली त्यांना बांधकामापासून बाळंतपणापर्यंत सल्ला विचारते, आणि नाही विचारला तरी मिळतो. शामला पन्हं, आंब्याची डाळ घेऊन यायची म्हणून मी वाट पाहत होतो. ती आली ती सरळ माझ्यापुढे बसली आणि तिने ओटीतून दोन झबली काढली. पांढऱ्या मलमलीची, गळ्याला नाडी, एकाला तांबडी किनार, एकाला निळी. जिजाबाईंनी स्वतःच्या हाताने शिवलेली. रंगसुद्धा कसे जुळले होते, देव जाणे.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या बेट्यांना."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"चाळीस बाया होत्या," शामला म्हणाली. "जिजाबाईंनी सगळ्यांसमोर माझी ओटी भरली. म्हणाल्या, 'अकरा वर्सानं शामलेच्या घरात लेकराइचं पाऊल लागलं.' बापूजींच्या घरातल्यांनी मला पहिल्या पाटावर बसवलं. एवढ्या वर्षांत कधी बसवलं नव्हतं. मी काय सांगायचं होतं तिथे? मासे आहेत म्हणून? की आमच्या ह्यांना इंग्रजी कळलं नाही म्हणून?"

माझी अब्रू तिने पदराखाली झाकून आणली होती, आणि त्यासाठी स्वतः चाळीस बायांत बसून सगळं ऐकून घेतलं होतं. मी मान खाली घातली. उद्या नक्की सांगतो म्हणालो. पेटीचा पुठ्ठा पाण्याने भिजून लोळागोळा झाला होता, त्याच्या जागी तिने ते निळ्या किनारीचं झबलं आडभिंतीवर पसरून टाकलं आणि तांबडं घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगणारच होतो. पण सकाळीच कवडू आला. कवडू हा नगरपालिकेचा हिवतापाचा जमादार, घरोघर भांडी तपासत फिरणारा. त्याच्या बगलेत माझंच परिपत्रक होतं. तो परसात गेला, घंगाळात वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"बाबूजी, अळ्या हायेत."

"माहीत आहे."

"काहून ठेवल्या?"

आता दोषी घरधनी या नात्याने मला भानच राहिलं नाही. तोंडातून निघून गेलं, "साहेबांच्या बेट्यांसाठी आहेत."

"खेळाले?"

"खायला."

कवडूने माझ्याकडे पाहिलं. मग घंगाळाकडे. मग त्याने परिपत्रकाची घडी घातली, मला सलाम केला आणि निघून गेला. त्याने रिपोर्ट केला नाही. दुपारपर्यंत गल्लीत मात्र सगळ्यांना कळलं होतं, की देवपुजारी सायबाच्या पोरांना कोंडून ठेवतात आणि डासांच्या अळ्या चारतात.

जिजाबाई वाटीभर शिरा घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी वाटी पुढे केली. "भाऊ, पदर पसरतो तुमच्यापुढं. लेकराइले एवढं चारा. आमी काई कोनाले सांगत नाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाटी घेतली. शिरा मी खाल्ला. हे शामलेलाही मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

बापूजी आले ते अळ्यांबद्दल बोलायला नव्हे, त्यांनी मुळालाच हात घातला. "कृष्णकांत, ऐक गा. पोरं बिथरली आहेत, ती वेगळी ठेवल्यामुळे. भाऊ भाऊ आहेत ना? मधली आडकाठी काढ. भांडून राहिले तर भांडू दे. एकदा काय ते होऊन जाऊ दे, मग एका ताटात जेवतात की नाही बघ. मी आमच्या दोघांचं असंच केलं."

बापूजींचे दोन मुलगे चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत, एक इतवारीत राहतो आणि एक मुद्दाम सीताबर्डीवर. हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

पण माणसाची बुद्धी फिरते तेव्हा तिला कारणं चांगली सापडतात. मला वाटलं, साहेब इंग्रज माणूस, त्यांना भावाभावांतलं काय कळणार. मी दोन खात्यांमधली सहा वर्षांची तेढ एका गोड तर्जुम्याने मिटवली होती. आणि मनात हेही होतं, की हे दोघं एका पाण्यात नांदायला लागले तर साहेबांना पत्र लिहिता येईल, त्या पत्रापुढे बाकी सगळी लाज वाहून जाईल. शामला शुक्रवारची देवीला गेली होती. मी झबलं बाजूला केलं आणि काच वर ओढली.

आधी दोघं समोरासमोर स्तब्ध राहिले. मला वाटलं, ओळख पटली. मी मनातल्या मनात पत्राचा मायनासुद्धा घातला.

मग जे झालं ते मी सविस्तर लिहिणार नाही. मी चहाची गाळणी शोधून आणेपर्यंत पाण्यात तांबड्या-निळ्या चिंध्या तरंगत होत्या. गाळणीने धाकट्याला बाजूला केलं, काच खाली सारली, पण थोरला एका कुशीवर झाला होता. शामला आली तेव्हा तो तसाच होता, कल्ला हळूहळू हलत होता. ती पेटीशेजारी बसली. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला कल्ला थांबला.

तिने त्याला परसातल्या संत्र्याच्या रोपट्याखाली पुरलं, तांबड्या किनारीच्या झबल्यात गुंडाळून. मी म्हणालो, "अग, एवढासा मासा." ती म्हणाली, "तुमच्यासाठी मासा." त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला ती शिक्षा कमीच वाटली.

साहेबांना कळवायला हवं होतं. मी सात मसुदे केले. पहिल्यात थोरला 'उष्म्यामुळे' गेला होता, चौथ्यात 'आपसांतील मतभेदामुळे'. सातवा खरा होता, म्हणून मी तो टपालात टाकला नाही.

जूनच्या मध्यावर बापूजींनी गल्लीत सभा भरवली. झालं होतं असं, की अळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी परस्पर टर्नबुल साहेबांना पचमढीच्या पत्त्यावर इंग्रजीत अर्ज पाठवला होता, खाली सही, हुद्दा आणि 'रिटायर्ड' लिहून: 'आपले दोन बेटा एका बंद खोलीत ठेवले आहेत, मधे भिंत घालून एकमेकांचं तोंड पाहू देत नाहीत, आणि दोन वेळा फक्त डासांच्या अळ्या चारल्या जातात, हे अत्यंत दुःखाने कळवत आहे.' त्याचं उत्तर आलं होतं. बापूजींनी चष्मा पुसला आणि ते मराठीत सांगितलं.

"साहेब लिहितात, आपलं पत्र वाचून फार आनंद झाला. सर्व काही माझ्या सूचनांप्रमाणेच चाललं आहे. अळ्या ताज्या असतात ना, एवढं पाहावं. देवपुजाऱ्यांसारख्या विश्वासू माणसाच्या हाती ते आहेत, म्हणून मी इथे निर्धास्त आहे."

जिजाबाई म्हणाल्या, "बाप हाय का कसाई हाय थो."

मी तिथेच उभा होतो. साहेबांसारखा सज्जन माणूस माझ्यापायी चाळीस घरांत कसाई ठरला होता, आणि त्याने मला विश्वासू म्हटलं होतं, आणि थोरला संत्र्याखाली होता. आता तरी तोंड उघडावं असं वाटलं. त्याऐवजी मी हळूच मागे सरकलो आणि घरी आलो. पुढचे पंधरा दिवस मी परिपत्रकं तेवढी तोंड वर न करता उतरवली.

जूनअखेर सरकार खाली उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी पाच वाजता साहेबांची मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. चपराशाला न पाठवता साहेब स्वतः आले होते. सारी गल्ली ओट्यांवर आली. बापूजींनी कोट चढवला होता. जिजाबाई पदर कमरेला खोचून उभ्या होत्या. कोपऱ्यावर माठ तपासणारा कवडू हातातलं काम टाकून आला.

"देवपुजारी," साहेब हसत म्हणाले. मी त्यांना हसताना आधी पाहिलं नव्हतं. "कसे आहेत माझे बेट्टा?"

"सर," मी म्हणालो, "एक आता नाही."

बापूजींना इंग्रजी येत होतं. त्यांनी मागे वळून गल्लीला सांगितलं, "एक मूल गेलं." जिजाबाई मटकन ओट्यावर बसल्या. "कवा? कवा वं शामले? आमाले हाकसुदिक नाई मारली?"

साहेबांनी हॅट काढून हातात घेतली. तेवढ्यात शामला आतून आली. दोन्ही हातांनी तिने ती काचेची पेटी छातीशी धरली होती, आडभिंतीवरचं निळ्या किनारीचं झबलं काढून खांद्यावर टाकलं होतं. तिने पेटी ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध ठेवली. आत धाकटा होता, परांच्या कडा फाटलेल्या, तरी ऐटीत.

सगळे वाकून बघू लागले. आधी पेटीत, मग पेटीच्या मागे, मग आमच्या दारात, आणखी कोणी बाहेर येतं का म्हणून. कोणी आलं नाही. पहिला बोलला तो कवडू. "म्हून त्या अळ्या," तो म्हणाला, आणि दीड महिन्याने त्याचा जीव भांड्यात पडला.

बाकी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बापूजींनी कोटाची बटणं सोडली. जिजाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या शामलेकडे बघत होत्या. ती ओटी, तो पहिला पाट, सगळं त्यांना आठवत असणार. शामला मान ताठ ठेवून उभी होती, पण तिचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला माझी स्वतःचीच किळस आली.

साहेब धाकट्याच्या फाटलेल्या परांकडे पाहत होते. "तुम्ही काच काढलीत," ते हळूच म्हणाले.

"येस सर."

"का?"

सात मसुद्यांतलं एकही वाक्य आठवलं नाही. "मला वाटलं सर, भाऊ भाऊ आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. "त्यांचं एकमेकांशी नातंही नव्हतं, देवपुजारी," ते म्हणाले, आणि पेटी उचलायला वाकले.

"थांबा म्हणावं त्यांना," शामला म्हणाली. ती आत गेली आणि भाकरतुकडा घेऊन आली. पेटी आली तेव्हा जसं केलं होतं तसंच तिने सगळ्या गल्लीदेखत केलं. पेटीवरून तुकडा ओवाळला, दोन बाजूंना टाकला. तुकडा एक ओवाळायचा की दोन, यासाठी ती क्षणभर अडली, ते फक्त मला दिसलं.

जिजाबाई उठल्या. मला वाटलं, आता घरी जाऊन दार लावतील. त्या सरळ पेटीपाशी आल्या. शामलेच्या खांद्यावरचं ते झबलं त्यांनी काढून घेतलं, झटकलं आणि पेटीच्या उन्हाच्या बाजूने नीट पसरलं. "तिरीप लागून राह्यली त्याले," त्या शामलेला म्हणाल्या. मग काचेवर दोन बोटं टेकवून आत म्हणाल्या, "जाय बेटा. नीट जाजो."

साहेब चकित होऊन उभे राहिले. त्यांच्या कानाला एकच शब्द ओळखीचा लागला होता. त्यांचा चेहरा उजळला.

"देवपुजारी, या बाईंना नाव अगदी बरोबर माहीत आहे," ते म्हणाले. "हिंदुस्थानात इतकं बरोबर म्हणणारं माणूस मला पहिलंच भेटलं. त्या आणखी काय म्हणाल्या?"

बाया माझ्याकडे बघत होत्या. शामला माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षं मी याच कामाचा पगार घेत आलो होतो.

"येस सर," मी म्हणालो.